टोमॅटोची साल

उस्तादांनी टोमॅटो सोलला आणि वहिनी ओट्याकडे सरकल्या.

साल रुंद पट्ट्यांत निघाली. देठाशी सुरीचं टोक लागलं, अंगठ्याने कड धरली, आणि ओल्या अंगावरून कपडा उतरावा तशी ती सरसरत बुडापर्यंत आली. ना कुठे फाटली, ना गर घेऊन आली. सोललेला टोमॅटो ताटलीत बसला होता, लालबुंद, अंगावर ओरखडा नाही. उस्तादांनी सुरी खाली ठेवली. दोन्ही हात जोडले, डावा सरळ आणि उजवा जरासा वाकडा, आणि डोळे मिटून म्हणाले, "देवा, दिलेला हात काढून घेतला होतास, तो परत दिलास. आता काही मागणं नाही."

वहिनी ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या. पाठीमागे शेगडीवर पातेलं होतं, पातेल्यात पाणी होतं, आणि ते पाणी अजून कोमट होतं.

आता या पातेल्याची हकिकत सांगायची तर जरा मागे जायला हवं. उस्ताद म्हणजे कोणी गवई किंवा पैलवान नव्हेत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दाढी-कटिंगचं दुकान. आजूबाजूच्या दुकानांत मशीनं आली, एकदा वापरून फेकायची पाती आली, पण हे आपले वडिलांच्या वस्तऱ्यावर. हात असा हलका की गिऱ्हाईक खुर्चीत घोरायला लागायचं. दाढी झाली हे त्याला उठवून सांगावं लागायचं. म्हणून गल्लीने त्यांना उस्ताद म्हणायला सुरुवात केली, आणि उस्तादांची बायको ती सगळ्यांची वहिनी. वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत.

मग अर्धांगाचा झटका आला. दुकानात नाही, घरीच, चपला घालताना. उजवा हात ओल्या टॉवेलसारखा खाली लोंबला. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. हात मात्र अर्ध्या वाटेवर थांबला. बोटं ऐकायची, पण आधी एकदा नाही म्हणायची आणि मग ऐकायची. पेला उचलायला हात पुढे केला की तो पेल्याजवळ जाऊन थरथरायचा, जसा काही परक्याच्या दारात उभा आहे, आणि मग पेला धरायचा.

हाताचे व्यायाम शिकवायला एक तरुण बाई घरी यायची, पायात खेळाडूंचे बूट आणि तोंडाला विश्रांती नाही. रबरी चेंडू दाबून दाबून उस्ताद वैतागले तेव्हा ती म्हणाली, "काका, मग सोला. घरात ज्याला ज्याला साल आहे ते सोला. यासारखा बोटांना व्यायाम नाही."

"मी? भाजी सोलू?"

"दुकानात माणसं सोलत होतात की."

उस्ताद हसले. झटक्यानंतरचं ते पहिलं हसू. वहिनींनी त्या बाईला जाताना डबाभर खाऊ बांधून दिला.

सुरुवात संत्र्यापासून झाली, कारण संत्र्याला हत्यार लागत नाही. मग मटारच्या शेंगा, मग उकडलेले बटाटे, ज्यांची साल नुसत्या अंगठ्याने ढकलली तरी निघते. लेक दुसऱ्या गावी नांदत होती. तिने दुकानात दिसतील तेवढी साल काढायची सोलाणी पार्सलने पाठवून दिली. एक सरळ पात्याचं, एक आडव्या पात्याचं, एक जाड रबरी मुठीचं, आणि एक खिळे ठोकलेली फळी, बटाटा तिच्यावर बसवला की हलत नाही. वहिनींनी फळीखाली ओलं फडकं घातलं, म्हणजे फळीही हलत नाही. आणि एवढी वर्षं ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं त्या वहिनी मास्तरीण झाल्या.

"दाबू नका. पात्याला त्याच्या वजनाने जाऊ द्या."

"मला पातं शिकवतेस?"

"गाजर शिकवते. मधून सुरू करा, टोकाकडे जा, मग उलटं फिरवा. आल्याला सोलाणं नका लावू, निम्मं आलं सालीत जाईल. चमच्याच्या कडेने खरवडा."

"दुकानात मी म्हणायचो, मान जरा वाकडी करा. इथे तू म्हणतेस, गाजर वाकडं करा."

"गाजर निदान हलत नाही आणि राजकारण बोलत नाही."

असे दिवस चांगले गेले. वहिनींना एक सवय लागली होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. साली फेकण्याआधी त्या एकेक साल हातात घेऊन बघायच्या. सालीची कड खोटं बोलत नाही. ज्या दिवशी हात बरा, त्या दिवशी कड सरळ. ज्या दिवशी थरथर, त्या दिवशी कड करवतीच्या दातांसारखी. कड हळूहळू सरळ होत होती, पण पूर्ण सरळ अजून झाली नव्हती. उस्तादांना मात्र धीर नव्हता.

त्यांच्या घराण्याची एक रीत होती. वडिलांनी वस्तरा हातात द्यायच्या आधी त्यांना पिकले टोमॅटो सोलायला बसवलं होतं, धारदार सुरीने, न उकडलेले, जसे बाजारातून आले तसे. वडील म्हणायचे, साल निघाली पाहिजे आणि गराला खबर लागता कामा नये. ज्या दिवशी तसा टोमॅटो सुटला त्या दिवशी वडिलांनी स्वतःचा गाल पुढे केला होता. दाढीचा परवाना मिळायचा तो टोमॅटोकडून. तेव्हा उस्तादांनी ठरवलं, बटाटे-गाजरं पुरे. टोमॅटो सोलता आला की दुकान उघडायचं.

पहिल्या टोमॅटोचा चिखल झाला. दुसऱ्याचाही. रस कोपरापर्यंत ओघळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी उस्ताद खिडकीकडे तोंड करून बसले आणि जेवायला उठले नाहीत. रात्री नाही, सकाळी नाही. वहिनींनी ताट झाकलं, उघडलं, पुन्हा झाकलं. ज्या माणसाने झटक्यानंतर अश्रू गाळला नव्हता तो एका टोमॅटोपायी असा पाठ करून बसलेला त्यांना बघवेना.

म्हणून त्यांनी ते केलं. पाणी खळखळ उकळवलं. टोमॅटो आत सोडले आणि मनात देवाचं नाव सावकाश घेत उभ्या राहिल्या. नाव पुरेसं झालं की झाऱ्याने उचलून बर्फाच्या पाण्यात. साल आतून सुटते आणि वरून कळत नाही. एरवी बायका बुडाला सुरीने फुली मारतात, म्हणजे साल तिथून उलगडते. पण फुली दिसली असती. म्हणून वहिनींनी देठाच्या खळगीत सुईने टोचलं. पाण्यातून निघालेला टोमॅटो निस्तेज दिसतो, त्याला तेलाचं बोट पुसलं. पहिल्यांदा अंदाज चुकून दोन-चार तडकले, त्यांचं सूप झालं. त्या आठवड्यात घरात सूप फार झालं.

त्यांचा विचार एवढाच होता, की एक टोमॅटो नीट सुटावा आणि माणूस चार घास जेवावा. झालंही तसंच. पण एक सुटला म्हणून त्यांनी दुसरा मागितला, दुसरा सुटला म्हणून रोज मागू लागले. आणि आज हात जोडून देवाचे आभार मानून उस्ताद उठले, फोनपाशी गेले आणि म्हणाले, "मास्तर? उद्या सकाळी या. दुकान उघडतोय. पहिला वस्तरा तुमचा."

वहिनींनी पातेल्यातलं पाणी मोरीत ओतून दिलं.

मास्तर म्हणजे उस्तादांचे जुने मित्र, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. उस्ताद आजारी पडल्यापासून त्यांनी दाढीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. चेहऱ्यावर जंगल माजलं होतं. हे सगळं प्रेमाचंच. पण मास्तरांच्या हृदयात गेल्या वर्षी स्टेंट बसवली होती आणि त्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या. मागे एकदा नाशपाती सोलताना त्यांच्या बोटाला जराशी सुरी लागली. फडक्यामागून फडकं भिजलं तरी रक्त थांबेना. शेवटी वहिनी आणि मास्तरांची सून त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. ते बोट होतं. उद्या मान असणार होती.

संध्याकाळी वहिनी भाजीच्या गाडीवर गेल्या. भाजी नको होती. घरात बसवत नव्हतं.

"वहिनी, ओळखलंत का?" मागून दाढीतून आवाज आला.

"आवाज नसता तर नसतं ओळखलं, मास्तर."

"सून म्हणते, बाबा, दारात उभे राहू नका, लोक शिळंपाकं आणून देतील. परवा बागेत एका बाईने हातावर नाणं ठेवलं."

"मग?"

"घेतलं. नको म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं." मास्तर हसले आणि मग गंभीर झाले. "उस्ताद फोनवर काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, मास्तर, आता गर दुखावत नाही. मला काडीचं कळलं नाही. पण तो आवाज ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं बघा."

"मास्तर, एवढी घाई कशाला? थोडे दिवस मशीनने करून घ्या. तुमच्या त्या गोळ्या..."

"चालू आहेत."

"म्हणूनच म्हणते."

"बरं, उद्याची गोळी दाढी झाल्यावर घेईन. मग तर झालं?"

एक गोळी उशिरा घेऊन काही फरक पडत नाही, रक्त कित्येक दिवस पातळच राहतं, हे डॉक्टरांनी त्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांदेखत सांगितलं होतं. मास्तर विसरले होते, वहिनी नाही. सांगून टाकावं, आत्ता, इथेच. शब्द ओठांपर्यंत आले.

"वहिनी, आजही टोमॅटोच ना?" भाजीवाला मध्येच म्हणाला. "घट्ट घट्ट काढून ठेवलेत. उस्तादांना आवडायला लागलेत वाटतं."

शब्द परत गेले. नवऱ्याची फजिती भाजीच्या गाडीवर कशी सांगायची? ज्याची फजिती, त्याला आधी कळायला नको? त्यांनी मुकाट्याने टोमॅटो घेतले. मास्तर म्हणाले, "काळजी करू नका. देवावर भरवसा आहे आणि त्याच्या खालोखाल उस्तादावर," आणि दाढी कुरवाळत निघून गेले.

घरी आल्या तर उस्ताद चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवत होते. सपक्, सपक्. तो आवाज या घरात कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. एरवी वहिनींना तो आवाज अंगाईसारखा वाटला असता.

"अहो, मी काय म्हणते..."

"आधी हे बघ. या कोटाचं बटण तुटलंय. पांढरा दोरा आहे का?"

वहिनींनी बटण लावलं. दोरा ओवताना त्यांची सुई दोनदा चुकली. उस्तादांनी ते बघितलं आणि म्हणाले, "आता तुला व्यायामबाईकडे पाठवायला हवं."

"अहो, उद्या आधी माझ्या हातावर चालवून बघा ना वस्तरा. मग मास्तरांच्या."

"तुझ्या हातावर केस आहेत कुठे?"

"असतील एखाद-दोन."

"भ्यायलीस का गं?"

"हो."

"मी नाही भ्यालो," उस्ताद म्हणाले. रात्री जेवायला बसले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. केवढ्या चवीने जेवत होते. समोर बसून वहिनी तोंड उघडायच्या, घासाकडे बघायच्या आणि मिटायच्या. या चार घासांसाठीच सगळा उपद्व्याप केला होता.

निजण्यापूर्वी त्या देवापुढे बसल्या. रोज बसायच्या तेव्हा सगळ्यांचं भलं मागायच्या. आज काही मागता येईना. "देवा," त्या म्हणाल्या, "त्यांनी तुझे आभार मानलेत. ते तू ठेवून घेतलेस का? ते तुझे नव्हते रे, ते माझ्या पातेल्याचे होते. तुझ्या नावावर मी खोटा चमत्कार खपवला. टोमॅटो किती वेळ ठेवायचा हे मोजायला नावसुद्धा तुझंच वापरलं, घड्याळासारखं. आता तू तरी काही कर. मास्तरांना ताप आण. नको, ताप नको. दुकानाचं शटर अडकव."

देव काही बोलला नाही. देव अशा वेळी बोलत नाही. तो वाट बघत असतो, आपण कधी बोलतो याची.

सकाळी त्यांनी शेवटची युक्ती काढली. कालच्या पिशवीतला एक टोमॅटो, हात न लावलेला, पाणी न दाखवलेला, ताटलीत घालून सुरीसकट उस्तादांपुढे ठेवला. आपल्या तोंडाने सांगायला नको, टोमॅटोच सांगेल. एकदा सुरी अडकली, रस ओघळला, की त्यांचं ते समजतील.

"निघायच्या आधी एक सोला ना. हात मोकळा होईल."

"परीक्षा झाली," उस्ताद म्हणाले. "पास झालेला माणूस पुन्हा पेपर देतो का?" आणि त्यांनी तो टोमॅटो उचलून सालीसकट खाऊन टाकला. "छान आहे. घट्ट आहे."

वहिनी कधी दुकानात जाऊन बसत नसत. आज म्हणाल्या, मी येते. उस्तादांना वाटलं, कौतुक बघायला येते. शटर अडकलं नाही, एका झटक्यात वर गेलं. आरशावरचे कागद काढले, खुर्ची पुसली, थर्मासमधल्या गरम पाण्यात टॉवेल भिजवला. मास्तर आले. चष्मा काढून वहिनींच्या हातात दिला, खुर्चीत रेलले, मान मागे टाकली आणि सुखाने डोळे मिटले. म्हाताऱ्या माणसाची मान. सैल, सुरकुतलेली, एका बाजूला एक शीर हलत होती. वहिनींची नजर त्या शिरेवरून निघेना.

आधी कात्रीने जंगल उतरलं. कात्री ठीक चालली, कात्रीत दोन बोटं एकमेकांना सांभाळतात. मग फेस. मग वस्तरा उघडला.

उस्तादांनी एक शहाणपणा केला होता. हात आधी हवेतच थांबवायचा, थरथर हवेतच होऊ द्यायची, आणि मग गालावर उतरायचं. पहिला हात गालावरून गेला आणि मागे स्वच्छ वाट उमटली. दुसरा गेला. मास्तर "आहा" म्हणाले. वहिनींना वाटलं, असेल, देवाने काल रात्री ऐकलं असेल. कुणी सांगावं, हात खरंच परत दिला असेल. त्यांनी चष्म्याच्या काड्या घट्ट धरल्या आणि पुढे वाकून फेसाकडे बघितलं.

फेसाची कड करवतीसारखी होती.

ती कड त्यांनी महिनोन्महिने गाजरांवर, काकड्यांवर, सफरचंदांवर वाचली होती. चांगल्या दिवसाची कड कशी आणि वाईट दिवसाची कशी हे त्यांना झोपेतूनही सांगता आलं असतं. ही चांगल्या दिवसाची नव्हती.

"मान वर, मास्तर," उस्ताद म्हणाले.

मानेवर लांब हात चालत नाही. तिथे कातडी डाव्या हाताने ताणून धरायची आणि छोटे छोटे हात मारायचे, प्रत्येक हात नव्याने सुरू करायचा. दर वेळी हवेत थांबायला सवड नाही. पातं हनुवटीखाली टेकलं. टेकून थांबलं. आणि तिथे, कातडीवर, बोटांनी आधी नाही म्हणायला सुरुवात केली.

"अहो, थांबा," वहिनी म्हणाल्या. "ते टोमॅटो मी उकळत्या पाण्यातून काढत होते."

पातं मानेवरून उचललं गेलं.

"कुठले टोमॅटो?" मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

उस्ताद मागे वळले नाहीत. आरशात त्यांना बायको दिसत होती, तिच्याकडे बघत राहिले. "सगळे?"

"पहिल्या दोन दिवसांचे नाही. जे फुटले ते खरे होते."

"आणि साल?"

"साल आधीच सुटलेली असायची. तुम्ही फक्त उचलत होता."

"कुणी मला सांगेल का," मास्तरांनी एक डोळा उघडला, "की माझ्या दाढीत भाजी कुठून आली?"

उस्तादांनी वस्तरा मिटला. एवढ्या सावकाश मिटला की त्याचा खटका वाजला नाही. ओल्या टॉवेलने त्यांनी मास्तरांच्या मानेवरचा फेस पुसला, टॉवेल उजेडाकडे धरून नीट बघितला, पांढराच होता. मग भिंतीवरच्या खुंटीचं मशीन काढलं आणि डाव्या हातात घेतलं.

"तू घरी जा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर वहिनींना बरं वाटलं असतं.

त्या घरी येऊन बाहेरच्या खोलीत बसल्या. मास्तर वाचले होते. त्याचा आनंद मनात कुठेतरी होता, पण तो बाहेर यायला तयार नव्हता. पुढे काय, हेच कळत नव्हतं. पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसतील? पुन्हा ताट झाकून ठेवायचं? की घरी यायचेच नाहीत? रस्त्यावर पावलं वाजली की त्या उठायच्या आणि दुसऱ्याचीच पावलं म्हणून बसायच्या. एकदा तर दाराबाहेर जाऊन गल्लीच्या टोकापर्यंत बघून आल्या. शटर अर्धं खाली होतं. आत दिवा चालू होता की नव्हता, ते इतक्या लांबून दिसेना. जाऊन बघायचा धीर झाला नाही.

दुपार कलल्यावर उस्ताद आले. चपला काढल्या, हात धुतले आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात गेले.

"यातल्या कशाकशाला तुझा हात लागलाय?" आतून आवाज आला.

"कशालाच नाही. टोपलीतलं सगळं जसं आलं तसं आहे."

फळी ओट्यावरून ओढल्याचा आवाज आला. खिळ्यांची नाही, साधी. खिळ्यांची फळी खडखडते, ती वहिनींना आवाजाने कळली असती. मग ड्रॉवर उघडला. मग पाणी. मग खरवडल्याचा आवाज, आखूड, थांबलेला, पुन्हा सुरू झालेला. बटाटा असावा. उघड्या हातात धरलेला, बिनखिळ्यांचा. वहिनी अर्ध्या उठल्या.

"बाहेरच बस."

त्या बसल्या. खरवडणं चालू राहिलं. काहीतरी खाली पडून घरंगळलं, उचललं गेलं. पुन्हा खरवड. मग बराच वेळ काहीच नाही. हे काहीच नाही त्यांना सगळ्यात जड गेलं. सुरी पडली असती तरी चाललं असतं. त्या पायांच्या बोटांनी जमीन धरून बसल्या.

"पट्टी आण."

वहिनी धावल्या. उस्तादांचा डावा अंगठा रक्ताळला होता, फार नाही. फळीवर दोन बटाटे होते, ओबडधोबड, दगड फोडून काढावेत तसे, आणि बाजूला साली, जाड, गरासकट, कडा दातेरी. वहिनींनी अंगठा पाण्याखाली धरला, पुसला, पट्टी बांधली. दोघांची डोकी जवळ होती आणि दोघं अंगठ्याकडेच बघत होते.

"मास्तर काय म्हणाले?"

"वरून गुळगुळीत, खालून गवत. म्हणाला, भूमितीत याला आकृती अपूर्ण म्हणतात." उस्ताद हसले नाहीत. "उद्या येतो म्हणाला. मी म्हटलं, उद्या नाही. सांगेन तेव्हा."

"बरं."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही जेवत नव्हता."

"नसतो जेवलो चार दिवस."

"मला बघवत नव्हतं."

"बघायला शीक," उस्ताद म्हणाले. ते रागावून म्हणाले की दमून, हे वहिनींना कळलं नाही. त्यांनी पायाने स्टूल पुढे ढकललं. "बस इथे. हात मांडीवर. मी काहीही करो, मध्ये हात घालायचा नाही. आधी पाणी दाखवायचं नाही, सुई नाही, तेल नाही."

वहिनी बसल्या. एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं गच्च धरून मांडीवर ठेवली. उस्तादांनी टोपलीतून तिसरा बटाटा उचलला, पट्टीच्या अंगठ्याने दाबून धरला. सोलाणं हवेत आलं, थरथरलं, थांबलं आणि खाली यायला लागलं, सरळ त्या पट्टीच्या दिशेने.

हात घालायचा नाही, असं ते म्हणाले होते. बोलायचं नाही, असं म्हणाले नव्हते.

"अंगठा जरा अलीकडे," वहिनी म्हणाल्या.

उस्तादांनी अंगठा अलीकडे घेतला.